विश्लेषण : फोनवरचा ‘साहेब’ खरा की तोतया? मीरा रोड कॉल सेंटर प्रकरणानंतर दूरसंचार नियम किती बदलले?

‘तुमच्या नावावर कर थकला आहे. आत्ताच पैसे भरले नाहीत तर पोलीस दारात येतील,’ अशा आशयाचे फोन २०१६ पर्यंत मीरा रोडमधून रात्रभर अमेरिकेत जात होते. आता त्याच धाटणीचे फोन भारतातल्या घराघरांत येतात. अमेरिकेच्या कर खात्याच्या जागी सीबीआय, कस्टम, मुंबई पोलीस किंवा चक्क दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे नाव घेतले जाते. पलीकडच्या माणसाने सांगितलेली ओळख खरी आहे का, हे ऐकणाऱ्याला समजत नाही आणि सगळी फसवणूक तिथेच सुरू होते. गेल्या नऊ-दहा वर्षांत सरकारने ही ओळख पक्की करण्यासाठी कोणते नियम केले, त्यातले काय उपयोगी पडले आणि कोणत्या फटी उरल्या, याचा हा आढावा.

मीरा रोडमध्ये २०१६ मध्ये काय घडले होते?

ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोडमधील काही कॉल सेंटरवर एकाच रात्री छापे घातले. सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेण्यात आले आणि ७० जणांना अटक झाली. त्यातील बहुतेक जण तरुण होते. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा भारतात रात्र असते, म्हणून काम रात्रपाळीत चाले. कर्मचाऱ्यांना इंग्रजीतील ठरलेली स्क्रिप्ट दिली जाई. अमेरिकी नाव घ्यायचे, तिथल्या धाटणीचे उच्चार करायचे, आपण ‘आयआरएस’ म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी आहोत असे सांगायचे आणि अटकेची भीती घालायची, असा हा प्रकार होता. घाबरलेल्या माणसाला दुकानातून गिफ्ट कार्ड विकत घ्यायला लावून त्यावरील क्रमांक फोनवरच वाचून घेतला जाई. क्रमांक हाती आला की कार्डातले पैसे गेलेच.

या प्रकरणातील कथित मुख्य सूत्रधाराला एप्रिल २०१७ मध्ये मुंबई विमानतळावर अटक झाली. दरम्यान, २७ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने याच प्रकारच्या फसवणुकीबद्दल ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोप ठेवल्याचे जाहीर केले. त्या आरोपपत्रात अहमदाबादमधील पाच कॉल सेंटर होती. किमान १५ हजार लोक फसले आणि त्यांचे कोट्यवधी डॉलर गेले, असे अमेरिकी यंत्रणांचे म्हणणे होते. अमेरिकेत राहून पैसे फिरवणाऱ्या आरोपींना जुलै २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने कमाल २० वर्षांपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या.

इथून केलेला फोन अमेरिकेतला कसा वाटायचा?

लँडलाइनच्या काळात नंबर आणि जागा यांची गाठ पक्की होती. ०२२ म्हटले की मुंबई किंवा मीरा-भाईंदर, ०२० म्हटले की पुणे. फोनची तार ज्या घरात गेली तिथूनच फोन येणार, हे उघड होते. इंटरनेटवरून आवाज पाठवण्याचे तंत्र आले आणि ही गाठ सुटली. या तंत्राला ‘व्हीओआयपी’ म्हणतात. त्यात बोलणाऱ्याचा आवाज छोट्या डिजिटल तुकड्यांत मोडून इंटरनेटवरून दुसऱ्या देशातील सेवा कंपनीकडे जातो. ती कंपनी त्याचे रूपांतर साध्या फोन कॉलमध्ये करते आणि तिथल्या टेलिफोन जाळ्यात सोडते.

या रूपांतराच्या वेळी समोरच्याच्या पडद्यावर कोणता नंबर दिसावा, हे अनेकदा फोन करणाऱ्याला ठरवता येते. मोठ्या कंपनीला याचा प्रामाणिक उपयोग असतो. तिचे शंभर कर्मचारी फोन करत असले तरी ग्राहकाला एकच ग्राहकसेवा क्रमांक दिसतो. भामट्यांनी हीच सोय वापरली. मीरा रोडच्या खुर्चीतून केलेला फोन अमेरिकेतील माणसाला आपल्याच देशातील सरकारी कार्यालयातून आल्यासारखा दिसे. याला ‘स्पूफिंग’ म्हणतात. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिला तरी पत्र पोहोचते, तसाच हा प्रकार.

अमेरिकेत फसवण्याच्या हेतूने खोटा नंबर दाखवण्यास २०१० च्या अखेरीस मंजूर झालेल्या कायद्याने बंदी होती. कायदा होता, पण नंबर खरा की खोटा हे तपासणारी यंत्रणा टेलिफोन जाळ्यात नव्हती. पुढे तिथल्या दूरसंचार आयोगाने मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ पर्यंत प्रत्येक कॉलच्या नंबरवर डिजिटल शिक्का उमटवण्याची पद्धत लागू करायला लावली.

तेव्हा भारतात कॉल सेंटरवर सरकारचे नियंत्रण नव्हते का?

नियंत्रण होते आणि कागदावर ते कडकही होते. १९९९ च्या दूरसंचार धोरणात कॉल सेंटर, टेलिबँकिंग यांसारख्या व्यवसायांना ‘अन्य सेवा पुरवठादार’ असा दर्जा मिळाला. त्यांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे. इंटरनेटवरील कॉल आणि साधे टेलिफोन जाळे यांची सरमिसळ कुठे चालेल आणि कुठे नाही, याचे बारीक नियम होते. काही सवलतींसाठी मोठी बँक हमी द्यावी लागे.

या नियमांचा रोख मात्र फसवणुकीवर नव्हता. कॉल सेंटरच्या आडून कोणी विनापरवाना टेलिफोन कंपनीच चालवू नये, परदेशी कॉलचे शुल्क बुडू नये आणि तपास यंत्रणांना नोंदी मिळाव्यात, हे त्यामागचे हेतू होते. कुठल्या पत्त्यावर किती खुर्च्या आणि किती लाइन आहेत, हे नोंदणीतून समजत असे. त्या लाइनवर कर्मचारी स्वतःला कोण म्हणवतो, हे कुठल्याच अर्जात येत नव्हते.

करोनाकाळात कर्मचारी घरून काम करू लागले तेव्हा हे नियम जाचक ठरले. ५ नोव्हेंबर २०२० रोजी सरकारने नोंदणीची आणि बँक हमीची अट काढून टाकली. २३ जून २०२१ रोजी देशी आणि आंतरराष्ट्रीय कॉल सेंटर हा भेदही गेला. प्रामाणिक उद्योगाला याचा फायदा झाला. त्यानंतर सरकारच्या नियंत्रणाचा भर कॉल सेंटरच्या जागेवरून नंबर आणि सिम कार्डाकडे वळत गेला.

दूरसंचार विभाग आणि ‘ट्राय’ यांच्यात फरक काय?

या दोघांत सामान्य ग्राहकाचा गोंधळ होतो आणि भामटे त्याचाच फायदा घेतात. दूरसंचार विभाग हे केंद्र सरकारचे खाते आहे. कंपन्यांना परवाने देणे, सुरक्षेच्या अटी घालणे, सिम देताना ओळख कशी तपासायची ते ठरवणे आणि खोटी जोडणी बंद करायला लावणे, ही त्याची कामे. ‘ट्राय’ म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. ते १९९७ च्या कायद्याने स्थापन झाले. दर, सेवेचा दर्जा, जाहिरातीचे कॉल आणि एसएमएस यांचे नियम ते करते. कंपन्या, सरकार आणि ग्राहकांचे गट यांच्यातील वाद ‘टीडीसॅट’ या न्यायाधिकरणाकडे जातात. पैसे लुबाडले गेले तर तो गुन्हा असतो आणि त्याचा तपास पोलीस करतात. मीरा-भाईंदरसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार हे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे.

‘ट्राय’ कोणत्याही ग्राहकाला फोन करून ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे’ असे सांगत नाही. ग्राहकांच्या वैयक्तिक तक्रारीही ते थेट सोडवत नाही. तक्रार आधी स्वतःच्या मोबाइल कंपनीकडे आणि तिथे समाधान झाले नाही तर त्याच कंपनीतील अपील प्राधिकरणाकडे करायची असते. त्यामुळे ‘ट्रायमधून बोलतोय’ असे सांगत आलेला फोन खोटा समजून ठेवून द्यावा.

मीरा रोडचा तो डाव भारतीयांवर कसा आला?

‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जो प्रकार गाजतो आहे त्याचा सांगाडा जुनाच आहे. आधी सरकारी अधिकाऱ्याचे नाव, मग गंभीर गुन्ह्याचा आरोप, लगेच अटकेची भीती, कोणाशी न बोलण्याची ताकीद आणि शेवटी पैशांची मागणी. ‘तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला आहे’ किंवा ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ अशी सुरुवात होते. नंतर व्हिडीओ कॉलवर गणवेशातील माणूस आणि मागे पोलीस ठाण्यासारखी खोली दिसते. गिफ्ट कार्डाऐवजी आता बँक खात्यात पैसे मागवले जातात आणि ते काही मिनिटांत अनेक खात्यांत फिरवले जातात.

भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटकच नाही. पोलीस व्हिडीओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत, घरात नजरकैदेत ठेवत नाहीत आणि ‘तपासणीसाठी’ खात्यात पैसे मागत नाहीत. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये यावर इशारा दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या गुन्ह्यांची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी ‘डिजिटल अरेस्ट’ प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत भारतीयांचे २२ हजार ८४५ कोटी रुपये गेले. २०२३ मध्ये हा आकडा ७ हजार ४६५ कोटी होता.

नंबर +९१ ने सुरू होत असेल तर फोन भारतातूनच आला, असे समजावे का?

तसे समजू नये. मीरा रोडमधून अमेरिकेचा नंबर दाखवणे जमत होते, तसेच परदेशात बसून भारताचा नंबर दाखवणेही जमते. हे रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी एक केंद्रीय यंत्रणा सुरू केली. एखादा कॉल परदेशातून येत असेल आणि त्यावर भारतीय नंबर दिसत असेल, तर तो प्रवेशावरच अडवला जातो. पहिल्या २४ तासांत असे सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले, असे सरकारने जाहीर केले. भारतीय नंबर दाखवून परदेशातून आलेल्या कॉलपैकी हे प्रमाण सुमारे ९० टक्के होते.

भामट्यांनी मग दुसरी वाट धरली. ‘सिम बॉक्स’ नावाच्या यंत्रात एकाच वेळी अनेक सिम कार्डे बसतात. परदेशातील कॉल इंटरनेटवरून या यंत्रापर्यंत येतो आणि तिथून भारतीय सिमवरून साधा स्थानिक कॉल बनून बाहेर पडतो. इथे दिसणारा नंबर खरा भारतीय असतो, त्यामुळे तो प्रवेशावर अडत नाही. पलीकडचा माणूस मात्र भलतीकडेच असतो. असे विनापरवाना एक्सचेंज भाड्याच्या छोट्या खोलीतही चालते. त्याला लागतात ती ढीगभर सिम कार्डे, आणि ती कोणाच्या तरी नावावर घेतलेली असतात.

सिम कार्डाबाबत नियम काय सांगतात?

एका व्यक्तीच्या नावावर कमाल नऊ मोबाइल जोडण्या असू शकतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडील राज्यांत ही मर्यादा सहा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने सिम विकणाऱ्या विक्रेत्यांची पोलीस पडताळणी आणि नोंदणी सक्तीची केली व एकगठ्ठा जोडण्या देण्याची जुनी पद्धत बंद केली. खोट्या कागदपत्रांवर घेतलेल्या ५२ लाख जोडण्या तोडल्या आणि ६७ हजार विक्रेत्यांना काळ्या यादीत टाकले, असे तेव्हा सांगण्यात आले. १ जानेवारी २०२४ पासून कागदी फॉर्म भरून सिम देणेही बंद झाले.

त्यानंतर आला दूरसंचार कायदा, २०२३. टेलिग्राफच्या जमान्यातील १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणला गेला. राष्ट्रपतींची मंजुरी २४ डिसेंबर २०२३ रोजी मिळाली आणि शिक्षेच्या तरतुदींसह अनेक कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली. फसवून, खोटे बोलून किंवा दुसऱ्याचे नाव वापरून सिम घेतल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नंबरसारख्या ओळखचिन्हात फेरफार करण्यालाही हीच शिक्षा आहे. परवानगीशिवाय दूरसंचार सेवा चालवल्यास कैद तीन वर्षांपर्यंतच आहे, पण दंड दोन कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सिम बॉक्सवाले एक्सचेंज याच कलमाच्या कचाट्यात येते.

दोन-तीन हजार रुपयांसाठी कोणी स्वतःच्या नावावर सिम काढून दुसऱ्याला दिले तर काय?

हा प्रश्न तरुणांसाठी महत्त्वाचा आहे. २०१६ मध्ये रात्रपाळीची नोकरी म्हणून कॉल सेंटरमध्ये गेलेल्या अनेकांना एका रात्रीत पोलीस ठाणे पाहावे लागले. आता नोकरीचीही गरज उरली नाही. ‘तुझ्या आधारवर चार सिम काढ, प्रत्येकाचे पैसे देतो’ एवढ्यावर काम होते. त्या सिमवरून गुन्हा झाला तर पोलिसांच्या हाती पहिले नाव लागते ते ज्याच्या केवायसीवर सिम निघाले त्याचे. सिमचा गैरवापर झाल्यास मूळ ग्राहकालाही जबाबदार धरले जाऊ शकते, असे दूरसंचार विभागाने २०२५ मध्ये स्पष्टपणे बजावले आहे. बँक खाते ‘भाड्याने’ देणाऱ्यांची गतही तीच होते.

कधी कधी ग्राहकाला पत्ताच नसतो आणि त्याच्या कागदपत्रांवर भलतेच सिम चालू असते. केंद्र सरकारचे ‘संचार साथी’ पोर्टल मे २०२३ पासून सुरू आहे आणि त्याचे अॅप जानेवारी २०२५ मध्ये आले. त्यावर आपला मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरील सगळ्या जोडण्यांची यादी दिसते. अनोळखी नंबरपुढे ‘हा माझा नंबर नाही’ असे नोंदवता येते आणि मग कंपनीला तपासणी करावी लागते. मोबाइल चोरीला गेला तर तो ब्लॉक करण्याची सोयही इथेच आहे.

बँकेचा खरा फोन आणि खोटा फोन वेगळा ओळखता येतो का?

पूर्वीपेक्षा आता ते सोपे झाले आहे. जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करावेत आणि बँका, वित्तसंस्था, सरकारी कार्यालये यांचे कामाचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यावेत, अशी रचना करण्यात आली आहे. ‘ट्राय’ने व्यापारी बँकांना यासाठी १ जानेवारी २०२६ ही मुदत दिली आणि इतर वित्तसंस्थांना त्यापुढच्या तारखा. बँकेच्या नावाने कोणी दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून बोलत असेल तर तिथेच सावध व्हावे.

एसएमएसमध्येही खूण आहे. मे २०२५ पासून व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. जाहिरातीसाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’ आणि सरकारी संदेशासाठी ‘जी’. नको असलेल्या जाहिराती थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर किंवा ‘ट्राय’च्या डीएनडी अॅपवर नोंद करता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बदललेल्या नियमांनुसार नकोसा कॉल आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते. आधी ही मुदत तीन दिवस होती. नोंदणी नसलेल्या नंबरवर कंपनीने पाच दिवसांत कारवाई करायची आहे. पूर्वी त्यासाठी ३० दिवस मिळत. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी आता कारवाईला पुरे.

इतके नियम असूनही फसवणूक का थांबत नाही?

याचे पहिले कारण म्हणजे मेसेजिंग अॅप. ‘डिजिटल अरेस्ट’चा फोन सुरू होतो साध्या नंबरवरून, पण लगेच तो व्हिडीओ कॉलसाठी अॅपवर नेला जातो. तिथे १४०, १६०० किंवा प्रवेशावरची चाळणी यांपैकी काहीच लागू होत नाही. भारतीय नंबरवर अॅपचे खाते एकदा सुरू केले की ते सिम काढून टाकले तरी परदेशात चालू राहते. हे रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी अॅप कंपन्यांना निर्देश दिले. खाते ज्या सिमवर उघडले ते सिम फोनमध्ये असेल तरच अॅप चालावे आणि संगणकावरील वापर ठरावीक तासांनी आपोआप बंद व्हावा, असे त्यात म्हटले आहे. अॅपवर दूरसंचार विभागाचा अधिकार किती, हा वादही त्यातून पुढे आला.

दुसरे कारण म्हणजे वेळ. नंबर बंद करण्यास काही दिवस लागतात, तर पैसे काही मिनिटांत निघून जातात. म्हणून मे २०२५ पासून दूरसंचार विभाग संशयास्पद नंबरची जोखीम किती, याची माहिती बँकांना देऊ लागला आहे. त्या नंबरशी जोडलेला व्यवहार बँकेला थांबवता येतो किंवा ग्राहकाला इशारा देता येतो.

तिसरे कारण नियमांच्या आवाक्याबाहेरचे आहे. पडद्यावर कोणताही नंबर दिसो, ‘पोलीस’ हा शब्द ऐकल्यावर माणूस घाबरतो. मीरा रोडच्या स्क्रिप्टने अमेरिकेतील माणसांना असेच घाबरवले. आपले नाव, पत्ता, आधारचे शेवटचे आकडे समोरच्याला ठाऊक आहेत म्हटल्यावर तो खरा अधिकारी वाटू लागतो. ही माहिती बाजारात फुटलेली असू शकते, हे त्या क्षणी सुचत नाही.

सुरक्षेच्या नावाखाली सरकारच्या हाती जास्त माहिती जाते, त्याचे काय?

हा आक्षेप गंभीर आहे. प्रत्येक सिममागे पडताळलेली ओळख, प्रत्येक हँडसेटचा क्रमांक आणि संशयास्पद नंबरच्या याद्या एकत्र आल्या की भामटे पकडणे सोपे होते. सामान्य नागरिकांवर नजर ठेवणेही तितकेच सोपे होते. नव्या कायद्यात सार्वजनिक सुरक्षेसाठी संदेश अडवण्याचे आणि सेवा तात्पुरती बंद करण्याचे अधिकार सरकारकडे आहेत. स्वतंत्र यंत्रणेची देखरेख पुरेशी नाही, अशी टीका त्यावर होते. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस सरकारने सर्व नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ अॅप आधीच टाकून देण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता. खासगीपणाच्या मुद्द्यावर जोरदार विरोध झाला आणि ३ डिसेंबर २०२५ रोजी ही सक्ती मागे घेण्यात आली. अॅप आजही उपलब्ध आहे, ते घ्यायचे की नाही हे ग्राहक ठरवतो. अॅप न घेता पोर्टलवरूनही तीच कामे करता येतात.

असा फोन आलाच तर काय करावे?

सर्वात आधी फोन ठेवावा. कायद्याने कोणालाही फोनवर ‘थांबून राहण्याची’ सक्ती नाही. मग घरच्या माणसाला किंवा शेजाऱ्याला सांगावे. ‘कोणाला सांगू नका’ ही ताकीद मिळाली की फसवणूक आहे हे नक्की समजावे. शंका असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन विचारावे. समोरच्याने दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करू नये.

पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही लगेच कळवावे. पैसे गेले नसले तरी संशयास्पद कॉल, एसएमएस किंवा अॅपवरील संदेश ‘संचार साथी’च्या ‘चक्षू’ सुविधेत नोंदवावा. परदेशातून आलेला कॉल भारतीय नंबर दाखवत असेल तर १९६३ किंवा १८००-११०-४२० या क्रमांकांवर कळवता येते. एका तक्रारीने भामटा पकडला जाईलच असे नाही, पण तो नंबर दुसऱ्या घरी वाजण्याआधी बंद होऊ शकतो.

घरातल्या ज्येष्ठांशी हे आधीच बोलून ठेवणे सर्वात उपयोगी. फोन आल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. ‘पोलीस फोनवर अटक करत नाहीत आणि असा फोन आला तर आधी मला सांगायचे’ एवढे जरी त्यांच्या लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.